जलसंत्रास : दंशानंतर हाती असलेला काळ

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील एका वैद्यकीय व्यावसायिकाचे भाषण)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी बोलून गेलेले वक्ते साहित्यिक होते, इतिहाससंशोधक होते. त्यांच्या पंक्तीला एका डॉक्टरने बसावे आणि कुत्र्याच्या चाव्यावर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. कार्यवाहांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली होती. गोव्याच्या खेड्यांतून पुष्कळ वर्षे व्यवसाय केल्यावर मला हाच विषय निवडावासा वाटला, याचे कारण एका वाक्यात सांगता येईल. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ निश्चित असतो. आणि ती दिसण्यापूर्वी योग्य उपचार झाले तर बचावही जवळजवळ तितकाच निश्चित असतो. वैद्यकशास्त्रात अशी दुसरी व्याधी मला ठाऊक नाही. दंशाचा क्षण आणि पहिले लक्षण यांच्यामध्ये जो काळ रोग्याच्या हाती असतो, त्या काळाविषयी मी आज बोलणार आहे.

ही व्याधी आपल्याकडे नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याचे वर्णन आहे. त्याची गळणारी लाळ, लुळी पडलेली शेपटी, खाली आलेला जबडा, सैरावैरा धावणे, हे सारे त्यात आले आहे. अशा कुत्र्याच्या विषाला तेथे अलर्कविष म्हटले आहे, आणि दंश झालेल्या माणसाला पाण्याचे दर्शन वा नुसता आवाजही सोसेनासा झाला की त्या अवस्थेला जलत्रास असे नाव देऊन ती असाध्य ठरविली आहे. हे शेवटचे निदान आजही खोटे ठरलेले नाही. प्राचीन वैद्याला विषाणू दिसत नव्हता, पण रोग कोठे पोहोचला म्हणजे वैद्याने हात टेकायचे, हे त्याने अचूक ओळखले होते.

आता हा रोग शरीरात काय करतो ते पाहू. रेबीजचा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असतो. त्याच्याभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते आणि त्या आवरणावर प्रथिनांचे काटे असतात. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून तो जखमेत येतो. इतर बहुतेक विषाणू रक्तात शिरून सर्वत्र पसरतात; हा तसे करीत नाही. जखमेजवळच्या स्नायूत तो काही काळ राहतो, वाढतो, आणि जेथे मज्जातंतूचे टोक स्नायूला भिडते तेथे आपल्या काट्यांच्या साहाय्याने त्या टोकात प्रवेश करतो. मज्जातंतूच्या आत पदार्थांची ने-आण करणारी एक यंत्रणा आहे. मज्जारज्जूकडून टोकाकडे आणि टोकाकडून मज्जारज्जूकडे अशी दुहेरी वाहतूक तीत अहोरात्र चालते. विषाणू या परतीच्या गाडीत बसतो, असे म्हटले तरी चालेल. दिवसाला काही मिलिमीटरपासून काही सेंटिमीटरपर्यंत अशा चालीने तो मज्जारज्जूकडे आणि तेथून मेंदूकडे सरकतो.

या प्रवासाला लागणाऱ्या काळाला वैद्यकात अधिशयन काल म्हणतात. रेबीजमध्ये तो बहुधा एक ते तीन महिन्यांचा असतो. क्वचित तो आठवड्यावर येतो, क्वचित वर्षाच्याही पुढे जातो. पायाच्या पोटरीला चावा असेल तर वाट लांब. चेहरा, मान वा हाताची बोटे असतील तर वाट जवळची किंवा मज्जातंतूंची टोके दाट, म्हणून काळ कमी. लहान मुलांची उंचीच मुळी कुत्र्याच्या तोंडाशी येते, त्यामुळे त्यांना डोक्याला आणि चेहऱ्याला चावे अधिक होतात.

या साऱ्या दिवसांत रोग्याला काहीही होत नसते. जखम भरून येते, खपली पडते, माणूस कामाला लागतो. विषाणू मज्जातंतूंच्या आत लपलेला असल्याने शरीराच्या संरक्षक यंत्रणेलाही त्याची चाहूल लागत नाही, आणि त्याच्याविरुद्ध लढणारी प्रतिपिंडे तयार होत नाहीत. रक्त तपासून या काळात काही कळत नाही. इतर आजारांत ताप येतो, दुखते, आणि माणूस आपल्या पायांनी दवाखान्यात येतो. येथे शरीर कोणताही इशारा देत नाही, आणि इशारा मिळतो तेव्हा उपचाराची वेळ निघून गेलेली असते.

पहिला इशारा बहुतेक वेळा जुन्या जखमेच्या जागी मिळतो. तेथे मुंग्या येतात, खाज सुटते, आग होते. सोबत बारीक ताप, डोकेदुखी, अस्वस्थपणा. पुढे रोग दोनपैकी एका वाटेने जातो. अधिक रोग्यांत तो उग्र रूप घेतो : प्रक्षोभ, भीती, भ्रम, आणि ज्यावरून रोगाला आपल्याकडे नाव पडले तो जलसंत्रास. यासंबंधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. रोग्याला पाण्याची इच्छा नसते असे नाही. तो तहानेने व्याकूळ असतो. पेला ओठांशी नेला की घशाचे, छातीचे आणि श्वासपटलाचे स्नायू एकाएकी जोराने आखडतात आणि श्वास कोंडतो. श्वासनलिकेत काही जाऊ नये म्हणून निसर्गाने दिलेली ठसक्याची जी प्रतिक्षिप्त क्रिया आहे, तीच मेंदूच्या तळाशी झालेल्या दाहामुळे बेफाम झालेली असते. दोनचार वेळा असा अनुभव आल्यावर पाणी दिसताच, त्याचा आवाज होताच, आचके सुरू होतात. चेहऱ्यावर पंख्याचा वारा आला तरी तेच घडते. आणि या आचक्यांच्या मधल्या वेळी रोगी पुष्कळदा पूर्ण शुद्धीवर असतो, बोलतो, माणसे ओळखतो. हा रोग पाहणाऱ्या डॉक्टरला सर्वांत असह्य काय वाटत असेल तर हे.

दुसरे रूप पक्षाघाताचे आहे. चावलेल्या अवयवापासून लुळेपणा सुरू होऊन तो वर चढत जातो. प्रक्षोभ नसतो, पाण्याची भीतीही पुष्कळदा नसते. हे रूप दुसऱ्या मज्जाविकारांशी इतके मिळतेजुळते असते की निदानच चुकते. यातला रोगी काही दिवस अधिक जगतो, एवढाच फरक. उग्र रूपातला रोगी सामान्यतः आठवडा-दहा दिवसांत जातो. मरणोत्तर तपासणीत मेंदूच्या पेशींचा नाश त्या मानाने थोडाच दिसतो. पेशी जागच्या जागी असतात, पण श्वास आणि हृदय चालविणारे त्यांचे कामकाज कोलमडलेले असते. तोपर्यंत विषाणू मेंदूतून पुन्हा मज्जातंतूंच्या मार्गाने बाहेर पडून लाळग्रंथींत, त्वचेत, डोळ्याच्या पारदर्शक पटलातही पोहोचलेला असतो. रेबीजने गेलेल्या माणसाचे नेत्रपटल दुसऱ्याला बसविल्याने रोग संक्रमित झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

या अवस्थेतून रोगी वाचविण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २००४ मध्ये अमेरिकेत वटवाघूळ चावलेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीला औषधांनी दीर्घ बेशुद्धीत ठेवण्यात आले, आणि कोणतीही लस न घेता ती वाचली. जगभर त्या उपचाराचा गाजावाजा झाला. नंतर अनेक ठिकाणी तोच प्रयोग करण्यात आला, पण त्या यशाची भरवशाने पुनरावृत्ती झाली नाही. भारतातही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके रोगी अतिदक्षता विभागात जगले, आणि त्यांपैकी बहुतेकांना कायमचे अपंगत्व आले. म्हणून या दिशेने आशा लावून बसण्यात अर्थ नाही. जे करायचे ते आधीच्या काळात.

तो काळ प्रथम उपयोगात आणला लुई पाश्चरने. ६ जुलै १८८५ रोजी आल्सासमधून जोसेफ माइस्टर नावाचा नऊ वर्षांचा मुलगा त्याच्याकडे आणण्यात आला. दोनच दिवसांपूर्वी कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी चावे घेतले होते. रेबीज दिलेल्या सशांचे मज्जारज्जू काचपात्रात वाळवून पाश्चरने त्यांतील विषाणू दुर्बल केला होता. सर्वांत जास्त वाळलेल्या, म्हणजे सर्वांत निरुपद्रवी द्रव्यापासून सुरुवात करून क्रमाक्रमाने ताज्याकडे जात दहा-अकरा दिवसांत तेरा टोचण्या देण्यात आल्या. मुलगा वाचला. ही कथा शालेय पुस्तकांत असते. त्याच वर्षाची दुसरी कथा सहसा नसते. नोव्हेंबरात लुईज पेल्तिए नावाची दहा वर्षांची मुलगी पाश्चरकडे आणण्यात आली. तिच्या डोक्याला चावा होता आणि त्याला ३७ दिवस उलटून गेले होते. उशीर झाला आहे हे पाश्चरला दिसत होते; आईवडिलांच्या विनवणीपुढे त्याला नाही म्हणवेना. टोचण्या झाल्या, आणि डिसेंबरच्या आरंभी ती मुलगी गेली. लस तीच, देणारे हात तेच. तिच्यापाशी दिवस उरले नव्हते.

भारतात पहिली पाश्चर संस्था १९०० मध्ये कसौलीला निघाली, दक्षिणेत १९०७ मध्ये कुन्नूरला. कसौलीच्याच डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. ती फिनॉलने निष्क्रिय केलेली असे. मुंबईच्या हाफकिन संस्थेसह देशातील अनेक संस्थांनी हीच लस पुढे कित्येक दशके बनविली. पोटात घ्यावयाच्या त्या चौदा इंजेक्शनांची धास्ती येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या लसीने असंख्य जीव वाचविले हे खरे, पण तिच्यातील मेंदूच्या अंशामुळे क्वचित एखाद्याला लसीनेच पक्षाघात होई. त्या भीतीने कितीतरी लोक इंजेक्शने अर्ध्यावर सोडीत. भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस बंद झाले. आज मिळणाऱ्या लसी प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवर तयार होतात. त्या दंडात घ्यायच्या असतात, पोटाशी त्यांचा काही संबंध नाही. तरीही ‘चौदा इंजेक्शने’ हे शब्द लोकांच्या मनातून गेलेले नाहीत, आणि त्यांच्या धाकाने आजही घरात चावा लपविला जातो.

लसीचेही एक मर्म आहे. लस म्हणजे शरीराला दिलेला धडा. तो शिकून प्रतिपिंडे तयार करण्यास शरीराला आठवडा ते दोन आठवडे लागतात. पायाला चावा असेल तर तेवढी सवड असते. मान किंवा चेहरा फाटला असेल तर नसते. ही फट भरून काढण्यासाठी तयार प्रतिपिंडे असलेले सिरम वापरतात. त्याची खरी कसोटी १९५४ मध्ये इराणमध्ये लागली. एका पिसाळलेल्या लांडग्याने तेथील एका खेड्यात २९ जणांना चावे घेतले. तेहरानच्या पाश्चर संस्थेकडे त्या वेळी नवे सिरम चाचणीसाठी तयार होते. डोक्याला जखमा झालेल्यांपैकी ५ जणांना फक्त लस मिळाली, त्यांतील ३ दगावले. १३ जणांना लस आणि सिरम दोन्ही मिळाले, त्यांतील १ दगावला. एवढ्या लहान संख्येवरून शास्त्रज्ञ सहसा निष्कर्ष काढीत नाहीत, पण येथे काढला गेला आणि तो टिकला. पुढे १९७६ मध्ये त्याच देशातून आलेल्या एका अहवालात, पिसाळलेले कुत्रे व लांडगे यांनी चावलेल्या ४५ जणांना सिरमसोबत पेशींवर वाढविलेली नवी लस देण्यात आल्याची नोंद आहे. ते पंचेचाळीसही जण वाचले.

आपल्याकडे लस आता सर्वांना माहीत झाली आहे. सिरम माहीत नाही. रक्त आलेला चावा, खोल ओरखडा, फुटलेल्या त्वचेवर किंवा डोळ्या-ओठांवर लागलेली लाळ, अशा प्रत्येक प्रसंगी लसीसोबत सिरम हवे. ते दंडात किंवा कमरेत टोचून भागत नाही; जखमेच्या आत आणि भोवती, जेथे विषाणू मज्जातंतूची वाट शोधीत असतो तेथेच ते भरावे लागते. ते दुखते, बोटाच्या टोकाला तर फारच दुखते, म्हणून रोगी आणि कधी कधी डॉक्टरही टाळाटाळ करतात. पहिली लस घेतल्यापासून सात दिवसांच्या आत ते दिले तरच उपयोग. नंतर शरीराची स्वतःची प्रतिपिंडे येऊ लागलेली असतात. घोड्यापासून मिळविलेले सिरम स्वस्त, मानवी रक्तातील महाग. २०१७ पासून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने प्रयोगशाळेत तयार केलेले एकजिनसी प्रतिपिंडही बाजारात आले आहे. त्यासाठी ना घोडा लागतो ना रक्तदाता. मराठी माणसाला याचा थोडा अभिमान वाटला तर मी दोष देणार नाही.

या साऱ्याच्या आधी करावयाची गोष्ट घरात असते. नळाखाली, वाहत्या पाण्याखाली जखम धरायची आणि साबण लावून पंधरा मिनिटे धूत राहायचे. घड्याळ लावून. विषाणूभोवती स्निग्ध आवरण असते हे मी मघाशी सांगितले. साबण ते आवरण विरघळवितो आणि विषाणू निकामी होतो. न्हाणीघरातील साध्या वडीनेही हे काम होते. नंतर आयोडीनयुक्त जंतुनाशक लावावे. हळद, चुना, मिरचीची पूड, तंबाखू, तेल यांपैकी काहीही लावू नये, डाग देऊ नये. याने विषाणू मरत नाही आणि फाटलेल्या मांसात तो अधिक आत ढकलला जाण्याची भीती असते. जखम लगेच शिवूही नये. शिवणे अपरिहार्यच असेल तर आधी सिरम, मग सैल टाके.

लसीचे वेळापत्रक पहिल्या दिवसाला शून्य धरून मोजतात. स्नायूत देताना शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठाविसावा दिवस. सरकारी दवाखान्यांत त्वचेत देतात, तेव्हा शून्य, तीन, सात आणि अठ्ठाविसावा, दर वेळी दोन्ही दंडांवर थोडी थोडी. कुत्रा ओळखीचा असेल तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवावी. लाळेतून विषाणू सोडणारा कुत्रा तेवढ्या दिवसांत आजारी पडून मरतोच, आणि तो दहा दिवसांनी धडधाकट असला तर पुढची लस थांबविता येते. मात्र दहा दिवस वाट पाहून मग लस सुरू करायची, असा याचा अर्थ पुष्कळ घरांत लावला जातो. सुरुवात पहिल्याच दिवशी करायची असते.

मुलांविषयी थोडे वेगळे सांगितले पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावातून आठ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आणला होता. त्याच्या घशात काही अडकले आहे अशी घरच्यांची समजूत होती. पाण्याचा पेला पुढे करताच जे झाले ते पाहून मला पुढे तपासण्यासारखे उरले नाही. चौकशी करता करता त्याच्या थोरल्या बहिणीने सांगितले की दीड महिन्यापूर्वी काजूच्या बागेत कुत्र्याच्या पिल्लाने त्याच्या अंगठ्याला दात लावले होते. तिने विचारले, “डॉक्टर, तेव्हा सांगितले असते तर?” पिल्लाशी खेळू नये अशी घरात ताकीद होती, आणि मार बसेल म्हणून दोघे गप्प राहिली होती. तिच्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. रेबीजने जाणाऱ्यांत जगभर सुमारे चाळीस टक्के मुले पंधरा वर्षांच्या आतली असतात, आणि त्यांतील किती चावे घरी कळलेच नव्हते याची मोजदाद कोठेही नाही. मुलाला कुत्रा चावला तर पहिला शब्द रागाचा असू नये, एवढे मी गेली कित्येक वर्षे प्रत्येक पालकसभेत सांगत आलो आहे.

देशाचे चित्र काय? भारतात दरवर्षी वीस हजार माणसे रेबीजने जातात, असा आकडा दीर्घकाळ सांगितला जाई. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीने अलीकडे तो सुमारे ५,७०० वर आणला आहे; त्याच पाहणीत जनावरांच्या चाव्यांची वार्षिक संख्या नव्वद लाखांच्या घरात धरली आहे. आकडा उतरला याचा आनंद आहे, पण यांतील बहुतेक मृत्यू टळण्याजोगे होते.

माणसांना लस देत राहून मूळ तुटत नाही. ते कुत्र्यांत आहे. एखाद्या प्रदेशातील सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असा जगाचा अनुभव आहे. आपल्या गोव्यात २०१४ पासून राज्य सरकार आणि मिशन रेबीज यांनी हेच केले. गावोगाव जाळी घेऊन फिरणारी, लस दिलेल्या कुत्र्यावर रंगाची खूण करणारी पथके आपण पाहिली आहेत. वर्षाला नव्वद हजारांहून अधिक कुत्र्यांना लस, शाळाशाळांतून मुलांना शिक्षण, संशयित कुत्र्याच्या मेंदूची तपासणी, असे ते काम. २०१८ आणि २०१९ या वर्षांत राज्यात माणसाचा एकही मृत्यू नोंदला गेला नाही. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. कुत्र्यांना मात्र राज्याच्या सीमा ठाऊक नसतात. सावंतवाडी, दोडामार्ग, खानापूर या बाजूंनी ये-जा चालूच असते, म्हणून हे काम एक वर्षही खंडित झाले तर पाटी पुन्हा कोरी होईल.

भाषणाच्या आधी काही सभासदांनी चिठ्ठ्या दिल्या आहेत, त्यांतील दोन प्रश्न घेतो. एका भगिनीने विचारले आहे की गरोदर स्त्रीला ही लस चालते का. चालते, सिरमही चालते, आणि तान्ह्या बाळालाही चालते. या रोगात लस नाकारण्याइतके मोठे कारण कोणतेच नाही. ज्याने पूर्वी पूर्ण लस घेतली आहे त्याला पुन्हा चावा झाल्यास शून्य आणि तिसरा दिवस अशा दोनच मात्रा पुरतात, सिरम लागत नाही.

दुसरा प्रश्न खेड्यात नेहमी उठतो : पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेली गाय मेली, आणि तिचे दूध सारी वाडी प्यायली होती. अशा वेळी दवाखान्यापुढे रांगा लागतात. उकळलेल्या दुधात विषाणू टिकत नाही, आणि दुधातून माणसाला रेबीज झाल्याचा सिद्ध पुरावा नाही. वाडीतील सर्वांनी लस घेण्याची गरज नाही. गाय आजारी असताना जिने तिच्या तोंडात हात घालून चारा भरविला, आणि जिच्या हाताला चिरा होत्या, तिने मात्र आज संध्याकाळीच दवाखाना गाठावा.